वाचायला जागा कुठंय?

मुंबईतल्या विद्यार्थिजीवनाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. इराण्याच्या हॉटेलातला चहा आणि ब्रून-मस्का, कॉलेजचा कट्टा, गॅदरिंगमधली एकांकिका, मरीन ड्राइव्हवरचा पाऊस, शेवटची लोकल. लिहिणारे पुढं साहेब झाले, प्राध्यापक झाले, संपादक झाले. ते दिवस आठवले की त्यांना गहिवरून येतं. येऊ द्या. माझी तक्रार एवढीच, की त्या सगळ्या पानांत एक साधा प्रश्न कुठंच येत नाही. रात्री घरी गेल्यावर हा विद्यार्थी अभ्यासाला बसायचा कुठं?

त्यांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्या घरात टेबल होतं. ज्यांच्या घरात टेबल नव्हतं, आणि आणलं असतं तरी ते ठेवायला जमीन नव्हती, त्यांच्या विद्यार्थिजीवनाचा इतिहास कुणी लिहायचा? मी लिहितो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आमच्या तालुक्याच्या सूतगिरणीत रिंगखात्यात उभा असतो, आठ तास, तुटलेले धागे जोडत. वय सव्वीस. बी. ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सुटलं. रात्री कविता लिहितो.

हे लिहायला कारण घडलं. गेल्या महिन्यात वस्तीत बैठक होती. बारावीतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "दादा, मोर्चा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आलीय. मी परीक्षा सोडतो. डिग्री घेऊन आपल्यातलं कोण वस्तीत परत आलंय?" टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. पण उठून बोललोही नाही. अर्ध्यात सोडणारा मीच पहिला, मी कुठल्या तोंडानं बोलणार? त्या रात्री जे घशाशी अडकलं ते इथं लिहितोय. त्या पोरानं वाचावं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीही वाचावं.

१

मुंबईला शिकत होतो तेव्हा एकदा कसल्याशा दाखल्यासाठी फोर्टात विद्यापीठाच्या कचेरीत गेलो होतो. राजाबाई टॉवरखाली उभा राहिलो आणि मान दुखेपर्यंत वर बघितलं. दोनशे ऐंशी फूट. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, राजाबाई कोण? तो म्हणाला, "आसंल कुनीतरी राणी."

राणी नव्हती. प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याची ती आई. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी रातोरात गब्बर झाले. त्या पैशातून प्रेमचंदनं १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. १८६९ ला बांधकाम सुरू झालं, १८७८ ला पुरं झालं. पायथ्याशी ग्रंथालय, वर घड्याळ.

म्हणजे या शहरातली वाचायची सगळ्यात देखणी जागा कापसाच्या पैशावर उभी आहे. मी कापसात काम करणारा माणूस. मला पहिला प्रश्न हाच पडला, की कापूस वेचणाऱ्याच्या, गाठी वाहणाऱ्याच्या, सूत काढणाऱ्याच्या पोराला त्या ग्रंथालयाची पायरी चढायला किती वर्षं लागली? घड्याळ दर तासाला टोले देत राहिलं. हा हिशेब मात्र त्यानं कधी वाजवला नाही.

हिशेब मांडू या. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. त्याच्या एकच वर्ष आधी, जून १८५६ मध्ये, याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला गेला. तो गप्प बसला नाही, त्यानं अर्ज सरकारपर्यंत नेला. सरकार म्हणालं, या एकाला घेतलं तर बाकीची पोरं शाळा सोडून जातील, तेव्हा नको. पुढं वरून हुकूम आले, की सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. हुकूम कागदावर राहिले. त्या पोराचं नाव आपल्या कुणाच्या तोंडी नाही. विद्यार्थी चळवळीचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान त्याचं पाहिजे.

१८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. विद्वान माणसं. त्यांच्या विद्वत्तेशी माझं भांडण नाही. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९१२ ला, परळच्या चाळीतून आलेला भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी याच विद्यापीठाचा बी. ए. झाला. पन्नास वर्षं. टॉवरच्या घड्याळानं वाजवायचा टोला हा होता.

२

लोक म्हणतात, मुंबई बहुरंगी शहर आहे, इथं जात कोण विचारतो? खरंय, शहर बहुरंगी होतं आणि आहे. पारशी, बोहरी, खोजे, कच्छी, यहुदी, गोव्याचे ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, पाठारे प्रभू, सगळे इथं. १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५५ ला लॉ कॉलेज, १८५७ ला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८६९ ला झेवियर्स. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानचर्चेसाठी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. विद्यार्थ्यांनी समाजासाठी उभं राहणं ही गोष्ट या शहरात तेव्हापासूनची आहे.

पण हे बहुरंगी शहर विद्यार्थ्याला झोपायला, जेवायला, वाचायला जागा कशी द्यायचं ते बघा. ज्याच्या त्याच्या समाजामार्फत. १८७४ ला अंजुमन-ए-इस्लाम निघाली. १९१५ ला महावीर जैन विद्यालय निघालं, बाहेरगावच्या जैन विद्यार्थ्यांना राहून शिकता यावं म्हणून. आणखी कितीतरी जातींचे ट्रस्ट, जातींची वसतिगृहं, जातींच्या शिष्यवृत्त्या. त्यांनी आपल्या लेकरांची सोय केली, त्यात वाईट काही नाही. पण या पद्धतीचा अर्थ काय होतो? ज्या जातीत शेठ आहे त्या जातीच्या पोराला खोली आहे. ज्या जातीत शेठच नाही त्या जातीच्या पोरानं रस्त्यावर वाचावं. दारावर 'अस्पृश्यांना मनाई' असं लिहायची मुंबईला गरजच पडली नाही. तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं, कारण त्यांना हे दुखणं कळलं होतं. खोलीशिवाय शाळा म्हणजे अर्धी शाळा.

३

आता भीमरावांची खोली बघू. बाबासाहेबांचे पुतळे आपण खूप बघतो, त्यांची खोली बघत नाही.

परळची डबक चाळ. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अडगळ. एका अंगाला जातं, दुसऱ्या अंगाला बांधलेली शेळी. सगळ्यांनी एकाच वेळी पाठ टेकायची म्हटलं तर जागा पुरत नाही. तेव्हा रामजी सुभेदारांनी तोड काढली. पोरगा संध्याकाळीच झोपायचा. सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोन वाजता पोराला उठवायचे आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. पोरगा काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यावर उजाडेपर्यंत वाचायचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे ओळखीचं वाटलं. ही पाळी आहे. गिरणीत चालते तीच. एक उठला की दुसरा त्याच जागेवर. बापानं आणि लेकानं एका अंथरुणाच्या दोन पाळ्या केल्या होत्या. मुंबईच्या विद्यार्थिजीवनाचं वर्णन कुणी मागितलं तर मी त्याला हे सांगेन.

दिवसा काय? दिवसा चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर भीमराव तिथं पुस्तक घेऊन बसायचे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत यायचे. त्यांनी या मुलाला हेरलं. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. विचार करा, बागेत तो बाक नसता तर?

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर वर्गात एकच गिल्ला झाला. का? फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले, मग भीमरावांनी खडू हातात घेतला. पुढं कॉलेजात गेले. काळ्या घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेजची ती दगडी इमारत. राजाबाई टॉवर तिथून चार पावलांवर. कॉलेजातल्या हॉटेलवाल्यानं त्यांना चहा दिला नाही, पाणीही दिलं नाही. प्रोफेसर म्युलरनी पुस्तकं दिली, कपडे दिले. एकाच कॉलेजात दोन्ही माणसं होती, हे लक्षात ठेवू या. पुढं अमेरिका, लंडन करून ते १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. दुसऱ्या कॉलेजांची पोरं त्यांचं लेक्चर ऐकायला यायची. आणि काही सहकारी प्रोफेसरांनी, प्रोफेसरांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला हरकत घेतली. विद्यार्थी म्हणून चहा नाही, प्रोफेसर म्हणून पाणी नाही. बहुरंगी शहर!

गिरणीतही हेच चालू होतं. १८५६ ला ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. आपली माणसं कोकणातून, घाटावरून आली. त्यांना त्रासनखात्यात घेतलं, रिंगवर घेतलं, पण जास्त मजुरीच्या साचेखात्यात घेतलं नाही. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलेलं इतर कामगारांना चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. कॉलेजात कप आणि गिरणीत धोटा, विटाळ एकच. म्हणून मी विद्यार्थ्यांचा इतिहास आणि कामगारांचा इतिहास वेगवेगळा मांडू शकत नाही. आपल्या घरात हे दोघं एकाच ताटात जेवत होते.

४

बाबासाहेबांनी पुढं काय केलं, ते या जागेच्या नजरेतून बघा. परळच्या बी. आय. टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या घेतल्या. एक संसाराला, एक वाचायला. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं. चवदार तळं त्यानंतर, १९२७ ला. आधी वसतिगृह, मग सत्याग्रह. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय, कारण बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांना तो ठाऊक नसावा. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेणारा माणूस पुस्तकांना घर बांधतो. २०२० च्या जुलैत त्या राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. पुस्तकांच्या घरावर दगड का पडतात, हे वेगळं सांगायला नको.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. सुरुवात लष्कराच्या बराकींत, पुढं फोर्टात बुद्धभवन आणि आनंदभवन. सगळ्या जातींना खुलं. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती कॉलेजची वेळ. सकाळची. म्हणजे पोरानं सकाळी तास करायचे आणि मग कचेरीत, दुकानात, जिथं नोकरी असेल तिथं जायचं. इतर कॉलेजांनी धरलं होतं, की विद्यार्थी म्हणजे ज्याला बाप पोसतो तो. बाबासाहेबांनी धरलं, की आपला विद्यार्थी बापाला पोसतो. १९४७ ला सिद्धार्थ रात्रशाळा निघाली ती याच हिशेबानं. जागा तर पाहिजेच, पण जागेबरोबर वेळ पाहिजे, हे त्यांनी डबक चाळीत शिकलेलं होतं. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरायची. पोरं मंत्री व्हायची, विरोधी पक्ष व्हायची, बिलावर भांडायची. बाबासाहेब स्वतः तिथं येऊन बोलले. तासाला बसण्याबरोबर राज्य करायची तालीम, असा तो अभ्यासक्रम होता.

माझा आजा १९६५ च्या सुमारास मुंबईला गेला. लोअर परळच्या एका गिरणीत त्रासनखात्यात बदली कामगार म्हणून लागला. पहिली पाळी सुटली की रात्रशाळेत जायचा. सातवीपर्यंत शिकला. वर्गात डुलकी लागायची म्हणून पहिल्या बाकावर बसायचा, कारण मास्तर पहिल्या बाकावरच्याला खडू मारत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी लहान असताना तो मला पेपर वाचून दाखवायचा. एकेक अक्षर बोटानं दाबून धरत, जणू काही सोडलं तर पळून जाईल.

५

आपल्या पोरांचं विद्यार्थिजीवन म्हणजे नुसतं रडगाणं नव्हतं. मौज होती, दंगा होता, साहित्य होतं. १९५८ ला दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णा भाऊ साठे. शाळेत दीड दिवस गेलेला माणूस, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत कादंबऱ्या लिहिणारा. १९६६ ला गिरणीत राबलेल्या नारायण सुर्वेंचा संग्रह आला, नाव 'माझे विद्यापीठ'. रस्त्याला विद्यापीठ म्हणायला हिंमत लागते. साठीच्या दशकात पोरं सायक्लोस्टाइलवर, पदरचे पैसे घालून अनियतकालिकं काढायला लागली. १९६७ च्या सुमाराला गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' औरंगाबादहून निघालं.

आणि वडाळ्याचं सिद्धार्थ विहार. विद्यार्थ्यांचं वसतिगृह. गावाकडून आलेलं पोरगं तिथं कुणाच्या तरी कॉटखाली ट्रंक सरकवायचं आणि राहायचं. एका खोलीत कायद्याची नोट्स, दुसऱ्या खोलीत कविता, तिसरीत रिपब्लिकन पुढाऱ्यांना शिव्या. १९७२ ला ब्राह्मणगावात बायकांची विटंबना झाली, बावड्याला बहिष्कार पडला. शहरातली शिकलेली पोरं पेटली. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांचे दोस्त. दलित पँथर उभी राहिली. पँथरची कितीतरी पोरं सिद्धार्थ विहारात राहिली, तिथं बसून त्यांनी पत्रकं लिहिली. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि १५ ऑगस्टला 'साधना'त राजा ढालेंचा काळ्या स्वातंत्र्यदिनावरचा लेख. १० जानेवारी १९७४ ला परळमध्ये मोर्चावर वरून दगड टाकला गेला, त्यात भागवत जाधव शहीद झाला. मोर्चाची किंमत मला कुणी सांगू नये.

पण पोरा, एक गोष्ट बघ. पँथर वाचणारी होती. सरकारी अहवाल, फुले, मार्क्स, बाबासाहेब, आफ्रिका-अमेरिकेच्या काळ्या माणसांच्या चळवळी. त्यांचं पत्रक वाचून मंत्रालय हललं, कारण त्यामागं वाचन होतं. आणि ते वाचन करायला त्यांना एक जागा होती, जी १९४५ पासून कुणीतरी विटेवर वीट ठेवून उभी केली होती. परीक्षा सोडून मोर्चा काढला, असा तो इतिहास नाही. खोली होती म्हणून मोर्चा निघाला.

आणि बायांचं काय? सिद्धार्थ विहारच्या गोष्टी सांगताना आपण सगळे गडी होऊन जातो. वसतिगृह मुलग्यांचं. मुलीला वाचायला जागा कुठं होती? ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ ला आलं, ते वाचा. कोकणातून लग्न होऊन मुंबईला आलेली बाई नोकरी करते, मुलं सांभाळते, घरातल्या माणसाचा रुसवा सोसते आणि एम. ए. होते. तिच्या वाट्याला ना बाग, ना कॉट. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जी जागा उरते ती तिची. माझी आई चौथी शिकली. तिला शिकायचं होतं का, हे मी तिला चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "आता इचारतोस व्हय?"

६

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. आजा गावाला परत आला. माझा बाप तेव्हा शाळेत होता, त्याची शाळा तिथंच सुटली. संपाच्या इतिहासात किती कामगार, किती गिरण्या, हे लिहितात. किती पोरांची दप्तरं खुंटीला लागली, हे कुणी लिहीत नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. फिनिक्स मिलचा मॉल झाला. सूत गेलं, भोंगा गेला, आणि चाळीतल्या पोराच्या शिकण्याला आधार देणारी बापाची पक्की नोकरीही गेली.

मी मुंबईला बी. ए. करायला गेलो तो वरळीला मावशीकडं राहिलो, बी. डी. डी. चाळीत. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारनं कामगारांसाठी बांधलेल्या त्या चाळी. एकशे साठ चौरस फुटांची खोली, आत आम्ही सात जण. आता तिथं पुनर्विकासाच्या इमारती उभ्या राहायला लागल्यात. मी होतो तेव्हा रात्री दहाला मावशीनं हातात पुस्तक दिलं आणि म्हणाली, "जा गल्लीत."

गल्ली म्हणजे अभ्यास गल्ली. वरळीच्या चाळींजवळचा एक शांत रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, वर म्युनिसिपालटीचे दिवे. संध्याकाळपासून पोरंपोरी येतात, कुणी कठड्यावर बसतं, कुणी चटई टाकतं, कुणी फेऱ्या मारत पाठ करतं. दहावीची, बारावीची, सी. ए.ची, पोलीस भरतीची, एमपीएससीची. कितीतरी वर्षांपासून हे चालत आलंय. मी पहिल्या रात्री दिव्याखाली बसलो आणि मला हसू आलं. शंभर वर्षांपूर्वी चर्नी रोडची बाग, आता वरळीची गल्ली. घराबाहेर, उघड्यावर, सरकारी उजेडात. तिथं मला कुणी जात विचारली नाही. दिवा सगळ्यांना सारखा. माझ्या विद्यार्थिजीवनातला सगळ्यात सुखाचा काळ तो. कॉलेजचा कट्टा मला कधी माझा वाटला नाही, गल्लीचा कठडा वाटला. शेजारी बसणाऱ्या एका पोरीनं मला एकदा विचारलं, "तू इतिहासाचं पुस्तक उघडून वहीत कविता का लिहितोस?" मला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत. ही शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ पासून सुरू झालेली. कागद अडकला होता. कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस म्हणायचा, वरून आलं नाही. वरचा म्हणायचा, खालून आलं नाही. तेवढ्यात बाप आजारी पडला. मी गावाला आलो तो सूतगिरणीत लागलो. महिन्याभरात परत जाऊ म्हणालो होतो. त्याला सहा वर्षं झाली.

बैठकीत मी का बोललो नाही, ते आता कळलं असेल. मी चळवळीसाठी कॉलेज सोडलं, असं मी चारचौघांत सांगत होतो. खोटं सांगत होतो. मला ढकललं गेलं. आणि ढकललं गेल्याची लाज वाटते म्हणून आपण त्याला त्यागाचं नाव देतो. पोरा, तू स्वतःहून तेच करायला निघालास, ज्यासाठी व्यवस्थेला एरवी कागद अडवावा लागतो. तिचे तेवढे श्रमही तू वाचवतोयस.

आत शिरलं म्हणजे संपलं, असंही नाही. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी, पुढचं वैद्यकीय शिक्षण घेत असताना, मुंबईत वसतिगृहाच्या खोलीत गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, विद्यापीठांतला जातिभेद थांबवा म्हणून. डबे फेकणारी ती पोरं अजून आहेत, फक्त आता त्यांना डबे फेकावे लागत नाहीत. म्हणून आत गेलेल्याला एकटं सोडायचं नाही, हेही चळवळीचंच काम आहे. मोर्चाला शंभर जण जमतात. वसतिगृहातल्या पोरीला फोन करायला एकही जमत नाही.

तुझा दुसरा प्रश्न मी टाळत नाही. डिग्री घेऊन कोण परत आलं? कमी आले. काही साहेब झाले आणि आडनाव बदलून बसले. बाबासाहेबांनाच शिकलेल्यांनी दगा दिल्याचं दुःख होतं. पण पळालेल्यांच्या रागानं आपण शिकणं सोडलं, तर वस्तीत उरणार कोण? अर्ज लिहून घ्यायला पुन्हा गावच्या त्याच माणसाच्या ओट्यावर जायचं?

आता करायचं काय, ते सांगून थांबतो. आपल्या वस्तीत एक पक्की, कोरडी, दिवा असलेली जागा आहे. बुद्धविहार. रविवारी वंदनेला उघडतं, आठवडाभर कुलूप. किल्ली कमिटीच्या अध्यक्षांकडं. मी त्यांना भेटलो, म्हणालो, "आप्पा, रात्री आठ ते अकरा विहार पोरापोरींना अभ्यासाला द्या." आप्पा म्हणाले, "इजेचं बिल कोन भरनार? आन् पोरी रातच्या यायला लागल्या की लोक काय म्हनतील?" बिल मी भरतो म्हणालो, माझ्या पगारातून. दुसऱ्या प्रश्नावर आमचं भांडण झालं. ते मिटलेलं नाही. पोरी येणार नसतील तर ती किल्ली मला नको, असं सांगून आलोय.

मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मी आणलाय. दुसऱ्या वर्षापासून पुन्हा. भरून ठेवलाय, सही बाकी होती, ती हा लेख लिहून झाल्यावर केली. पोरा, तू परीक्षेचं हॉल तिकीट घेऊन ये. तुझा पेपर असेल त्या दिवशी मोर्चात तुझ्या जागी मी चालेन, खाडा झाला तरी चालेल. पुढच्या सोमवारपर्यंत किल्ली मिळाली तर आत बसू. नाही मिळाली तर विहाराच्या पायरीवर बसू. रस्त्याचा दिवा तिथपर्यंत पोचतो, मी बघून आलोय.

जयभीम.